बोर्डावर एकच चेहरा

सर हसत नसत, असं आमच्याकडे कुणीही सांगेल. ते खोटं आहे. सर हसत, चांगले पोट धरून हसत, पण माझ्या दुकानात, फ्लेक्सच्या रोलांच्या आड, रस्त्याकडे पाठ करून. रस्त्याकडे तोंड झालं की चेहरा बंद. कराटे शिकवणाऱ्या माणसाला रस्त्यावर हसणं परवडत नाही असं त्यांचं ठाम मत होतं, आणि सरांची सगळीच मतं ठाम असत.

लोणावळ्याच्या बाजारात माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, मागच्या बाजूला छोटा फोटो स्टुडिओ. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, भावपूर्ण श्रद्धांजली, बंगला भाड्याने देणे आहे, हे सगळं एकाच मशीनमधून एकामागोमाग निघतं. सर माझे जुने गिऱ्हाईक. कुसगावात, एका बंद पडलेल्या चिक्कीच्या गोडाउनमध्ये, पत्र्याच्या शेडखाली त्यांचा क्लास होता, आणि दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी कुसगावच्या वळणावर त्यांचा नवा बोर्ड लागे. जागा त्यांनी स्वतः हेरलेली. "हितं शनवार-रईवार गाड्या हलत न्हाईत," ते मला म्हणाले होते. "मुंबईची मानसं अर्धा-अर्धा तास हितंच आडकत्यात. करनार काय? बोर्डच वाचनार." मुंबईची माणसं काही कुसगावात क्लास लावायला येणार नाहीत, हे मी सांगून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "क्लास लावायला न्हाई रं. नाव व्हायला."

पहिल्या वर्षीच्या बोर्डावर पांढऱ्या ड्रेसमधली मुलं रांगेत उभी होती आणि सर एका कोपऱ्यात, ओळखपत्रावर फोटो असतो तेवढे. दुसऱ्या वर्षी सर मधे आले आणि मुलं त्यांच्या पायाशी गेली. त्यानंतर मुलं गेलीच. मागे डोंगर, वर ढग, मधे हाताची घडी घातलेले सर. तो डोंगरही आमचा नव्हता, मी इंटरनेटवरून उचलला होता. आमचे डोंगर सरांना फार हिरवे वाटायचे. त्यांना काळा डोंगर हवा होता.

नावाआधीची पदवीही बोर्डागणिक वाढत गेली. आधी नुसतेच सर होते, मग मास्टर झाले, मग सेन्सेई, आणि शेवटी ग्रँडमास्टर. ती पदवी त्यांना कुणी दिली हे मी विचारलं नाही, कारण ती माझ्याच दुकानात, माझ्याच कीबोर्डवर दिली गेली होती. बोर्ड लागला त्या दिवशी शेजारच्या पानटपरीवर बसलेल्या एका आबांनी तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि विचारलं, "ह्यो हेडमास्तरच्या वरचा का खालचा?" सर तिथंच उभे होते. त्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर देणं हेसुद्धा त्यांच्या यादीतलं न करण्याचं काम होतं.

ही यादी त्यांनी पुण्याहून आणली होती. पुण्यात कुठल्याशा हॉटेलात एका दिवसाचं शिबिर झालं होतं, धंदा वाढवू पाहणाऱ्यांसाठी. तिथं सुटातल्या एका माणसानं सांगितलं की गिऱ्हाईक माल बघत नाही, मालकाचा चेहरा बघतं; म्हणून आधी स्वतःचा ब्रँड करा. बाकीचे लोक जेवून घरी गेले असतील. सरांनी मात्र ते मनावर घेतलं. कराटे ते ज्यांच्याकडे शिकले त्या गुरूंबद्दल ते क्वचितच बोलत, पण त्या सुटातल्या माणसाबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येई.

त्यानंतर सर काळ्या ट्रॅकसूटशिवाय दिसले नाहीत. लग्नात काळा, बारशात काळा, दहाव्याला काळा. पावसात छत्री बंद, कारण छत्री धरली की माणूस कारकून दिसतो. लोणावळ्याच्या पावसात छत्रीशिवाय फिरायचं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आषाढात सरांना सर्दी होई ती गौरी-गणपतीपर्यंत टिके. शिंक आली की ते माझ्या दुकानात शिरत, रोलांच्या मागे शिंकत, नाक पुसून पुन्हा बाहेर. वडापावही तिथंच. ग्रँडमास्टरला हातगाडीपाशी मिरची चावताना कुणी पाहिलं तर संपलंच, म्हणून ते कागदात गुंडाळून आणत आणि भिंतीकडे तोंड करून खात. माझं दुकान म्हणजे त्यांची विंगेतली जागा झाली होती. मला गंमत वाटायची, आणि ती मी लपवतही नसे.

"सर, तुमी एकदा हसून बघा की बोर्डावर," मी त्यांच्याच बोलीत चिडवायचो. "पोरांच्या आया घाबरत्यात."

"घाबरल्या तरच पाठीवत्यात," ते म्हणत.

पालकांशी बोलताना मात्र ही बोली गायब. तिथं एकदम पुण्याचं मराठी निघे, त्यात इंग्रजीची फोडणी. "आपल्या इथे डिसिप्लिन फर्स्ट आहे, मॅडम. बाकी टेक्निक नंतर येतं." आई भारावून जाई. सर वळून माझ्याकडे बघत आणि भुवई उडवत, की बघ, कसं जमलं.

फोन त्यांनी स्वतः उचलायचा नाही, हाही यादीतलाच नियम. मोबाइल त्यांचा, उचलायची त्यांची मुलगी. "सर ट्रेनिंगमध्ये आहेत," ती गंभीर आवाजात सांगे, आणि सर समोर पाटावर बसून लसूण सोलत असत. हे तिनंच मला सांगितलं. सांगताना ती एवढी हसली की मलाही मशीन थांबवावं लागलं.

आता तिच्याबद्दल सांगायला हवं, कारण क्लास खरं म्हणजे तिचा होता. बोर्ड सरांचा, क्लास तिचा, अशी ती वाटणी होती. ती चालायला लागल्यापासून त्या शेडात वाढली, सरांच्या हाताखाली शिकली, ब्लॅक बेल्ट झाली. घरात ती त्यांना अण्णा म्हणे, शेडात सर. मुलं तिला ताई म्हणत. मी बेल्टच्या परीक्षांचे फोटो काढायला जाई तेव्हा पाहायचो, सर दाराशी हाताची घडी घालून उभे, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी ते दिसावेत. आणि आत ती, एकेका मुलाचा गुडघा धरून, खांदा फिरवून, पुन्हा, पुन्हा करून घेतेय. मुली तर केवळ तिच्यामुळे येत. मुलींच्या आया चौकशीला आल्या की सरांचं डिसिप्लिन फर्स्ट ऐकून घेत, आणि जाताना हळूच विचारत, "शिकवणार ताईच ना?"

सर अगदीच दिखाऊ होते असं नाही. डोळा त्यांचा पक्का होता. दाराशी उभ्या उभ्या, मान न वळवता ते म्हणत, "तिसरी पोरगी, टाच उचलतीय." टाच उचललेलीच असे. कौतुक मात्र त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. एखाद्यानं काही अगदी बिनचूक केलं तर ते म्हणत, "हां. फुडचं." याच्या वरचं बक्षीस त्यांच्याकडे नव्हतं. मुलीनं जिल्ह्याच्या स्पर्धेतून पदक आणलं, तेव्हा पदक हातात घेऊन त्यांनी तिला विचारलं, की फायनलला उजवा हात खाली का होता. ती म्हणाली, "जिंकले ना, अण्णा." ते म्हणाले, "हात खालीच व्हता."

वलवणकडच्या एका जत्रेत त्यांनी कौलं फोडण्याचा कार्यक्रम ठेवला होता, तो मला नीट आठवतो, कारण त्याची फिल्म करायचं काम माझ्याकडे होतं. कौलं फोडणं हा आमच्याकडच्या कराटेवाल्यांचा हुकमी खेळ. जुनी घरं पाडून स्लॅब टाकणाऱ्यांकडून कौलं आणायची आणि वाळवायची. ओलसर कौल हाताला लागतं, फुटत नाही. कोरडं पापडासारखं जातं. सर कौलं एका ओळखीच्या चिक्कीवाल्याकडे भट्टीशेजारी रचून ठेवत, चांगली खडखडीत होईपर्यंत. त्यामुळे त्यांच्या कौलांना गुळाचा वास येई.

गर्दी जमली. सरांनी मला आधीच बजावलं होतं, की स्लो मोशन पाहिजे, आणि हात खाली येताना चेहरा फ्रेमच्या बाहेर जाता कामा नये. कौलांची चळत फुटली, टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या. माझ्या शेजारी उभी असलेली एक मावशी तेवढी खूश नव्हती. "आमच्या सासऱ्यानं घातलेली कौलं ती," ती मला म्हणाली. "येवडा पाऊस झेलला त्यांनी, एक तडा न्हाई गेला. आन् ह्यो बाबा फोडतोय, तर टाळ्या!" मी म्हटलं, मावशी, कार्यक्रम आहे. ती म्हणाली, "व्हय, पन कौलं आमची."

सरांचं झाल्यावर मुलगी पुढे आली. भट्टीला लावलेली कौलं संपली होती. उरली होती ती तशीच आणलेली, दमट. सरांनी मानेनं नको म्हटलं. तिनं पाहिलं नसेल, किंवा पाहिलं असेल. तिनं कोपरानं ती फोडली. मग एकाला कौल डोक्याच्या वर धरायला लावलं आणि उंच लाथ मारून तेही फोडलं. कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही, जरा वेळानं सुचलं. सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बंद कर आता. बॅटरी वाचव."

बॅटरी भरपूर होती. मला त्या माणसाचा त्या क्षणी खरोखर राग आला. मी कॅमेरा बंद केला नाही. फिल्ममधून तिचे, त्या लाथेचेही, फोटो काढले आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवले.

पुढच्या मे महिन्यात नव्या बोर्डाचं ठरवायला दोघं एकत्र आली. असं कधी होत नसे. सर रोलांच्या मागे न जाता खुर्चीवर बसले, यावरून मी काय ते ओळखलं.

"दादा, या वेळी बोर्डावर दोन फोटो टाकायचे," ती मला म्हणाली. "अण्णांचा आणि माझा. माझा लहान चालेल."

सर माझ्याकडेच बघून बोलले. "बोर्डावर एकच चेहरा आसतो. दोन आले की मानसाच्या ध्यानात एक बी ऱ्हात न्हाई. भागीदारीचं दुकान वाटतं."

"भागीदारच आहे मी."

"तू पोरगी हायेस माझी."

"ते तरी कुठं लिहिलंय बोर्डावर?"

मशीन चालू होतं, कुणाचा तरी वाढदिवस हळूहळू बाहेर येत होता. आम्ही तिघंही तिकडेच बघत बसलो. मग ती म्हणाली, बेगडेवाडी स्टेशनजवळ नवीन मोठ्या सोसायट्या झाल्यात, तिथं एक जिम निघतेय, काचेची, एसी. त्यांना कराटेला बाई हवी आहे आणि त्यांनी तिला विचारलंय. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. "मला जायचं नाहीये, अण्णा," ती म्हणाली. "पण इथं मी काय आहे ते एकदा दिसू दे ना. वळणावर. एवढंच म्हणणं आहे माझं."

सरांना कळत नव्हतं असं मुळीच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की त्यांना कळलंय. पण सुटातल्या माणसानं काय सांगितलं होतं, तेही त्यांना पाठ होतं. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "डोंगर मागल्या वर्षीचाच ऱ्हाऊ दे."

जूनमध्ये बोर्ड लागला, एका चेहऱ्याचा. त्याच महिन्यात ती सकाळच्या लोकलनं बेगडेवाडीला जाऊ लागली, आणि थोड्याच दिवसांत तिकडेच एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहिली. कुणी विचारलं की सर सांगत, "तिला एक्सपोजरसाठी पाठवलंय." मुलींच्या आया दोनदा विचारत नसत. त्या पाहून घेत, की आत ताई नाही, आणि पुढच्या महिन्यापासून मुली येत नसत.

एकदा काही कामासाठी मी सरांना फोन लावला. पलीकडून जरा बारीक केलेला, नाकातला आवाज आला. "सर ट्रेनिंगमध्ये आहेत."

"सर, मी बोलतोय," मी म्हटलं.

"हां, बोल," सर म्हणाले, आपल्या आवाजात.

मी हसलो नाही. हसण्यासारखं होतं, पण आलं नाही.

बेगडेवाडीची जिम चालू झाली होती, तिचं रीतसर उद्घाटन श्रावणात ठरलं. कराटेच्या विभागाचे बोर्ड तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत लागणार होते आणि ते काम तिनं माझ्याकडे आणलं. "माझे फोटो तुमच्याचकडे आहेत," ती म्हणाली. जत्रेतल्या उंच लाथेचा फोटो तिनं निवडला. बोर्डाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात उद्घाटनाला येणारे साहेब हवे होते, ही अट जिमवाल्यांची. साहेब उजवीकडे ठेवले तर लाथ नेमकी त्यांच्या गालावर बसत होती. अशा वेळी आम्ही जे नेहमी करतो तेच मी केलं. फोटो आरशातल्यासारखा उलटवला, म्हणजे लाथ डावीकडे रिकाम्या आभाळात गेली आणि साहेब वाचले. छातीवरच्या बिल्ल्यावरची अक्षरं उलटी झाली होती, तेवढी सुलटी करून पुन्हा चिकटवली. तिला मोबाइलवर पाठवलं. तिनं उद्घाटनाच्या गडबडीत बघून छान म्हटलं. पहिला बोर्ड छापून झाला, कडेनं बांधायच्या रिंगाही मारून झाल्या, आणि लावायला दुसऱ्या दिवशी माणसं येणार होती.

तेवढ्यात सर आले, भिजलेले, हातात वडापावचा पुडा. मी फ्लेक्स गुंडाळायच्या आत त्यांनी तो पाहिला. जमिनीवर अख्खी मुलगी पसरली होती, त्यांच्या दीडपट मोठी. पुडा हातातच राहिला. ते तिच्याभोवती फिरले, डोक्यापासून पायापर्यंत, मग पुन्हा डोक्याशी आले. आता हे काय बोलतात म्हणून मी मनातल्या मनात उत्तर तयार करत होतो, की धंदा आहे, गिऱ्हाईक आलं तर नाही कसं म्हणायचं.

"ह्यो उलटा हाय," सर म्हणाले.

मी त्यांना साहेबांच्या गालाचं सांगितलं. ते त्यांच्या कानात शिरलं नाही. ते खाली उकिडवे बसले आणि तिच्या ड्रेसवर, छातीपाशी बोट ठेवलं, जिथं कापडाची एक बाजू दुसरीवर येते.

"डावी बाजू वर पायजे. नेहमी डावी. ही विद्या ज्या मुलखातनं आली, तितं उजवी बाजू वर फक्त मढ्याच्या आंगावर घालत्यात. तू माझ्या पोरीला मढ्याचा कपडा घातलायस."

"सर, इथं हे कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," ते म्हणाले. "आन् उद्या उद्घाटनाला पुन्या-मुंबईचे शिकिवनारे येतील, त्यास्नी कळंल. हसतील तिला. म्हनतील, हिला कापड नेसायला शिकिवलं कुनी?"

शिकवलं कुणी, ते दुकानात उभ्या असलेल्या दोघांनाही माहीत होतं. पण ते स्वतःच्या नावासाठी बोलत नव्हते, हे मला तेव्हाच समजलं. स्वतःच्या नावाबद्दल बोलताना ते माझ्या स्टुडिओतल्या आरशाकडे बघत. आता त्यांचं बोट तिच्या ड्रेसवरून हलत नव्हतं.

मी कॉम्प्युटरवर फोटो सुलटा केला. लाथ पुन्हा साहेबांच्या गालावर. "साहेबांना खाली घेता येत नाही, सर. भांडण होईल."

"डावीकडं घे. तिच्या मागं. साहेब पाठीशी उभे हायेत म्हनावं. खूश व्हतील." जन्मभर बोर्डांचा विचार केल्याचा असा उपयोग झाला. साहेब पाठीशी गेले, लाथ मोकळ्या आभाळात गेली, आणि बोर्ड खरं तर पहिल्यापेक्षा चांगला दिसायला लागला. मी म्हटलं तसं. सर स्क्रीनला नाक लावून बघत होते.

"हनुवटी वर हाय," ते म्हणाले. "लाथ मारताना हनुवटी आत. किती येळा सांगितलंय."

"ती काही मी बदलू शकत नाही."

"नगं. ऱ्हाऊ दे." मग, जरा वेळानं, "तिला सांगू नकोस मी आलतो."

नवा बोर्ड छापायला घातला. मशीन सुरू होतं तोवर सर थांबले. वडापाव त्यांनी शेवटी खाल्ला, तोही तिथंच उभ्या उभ्या, स्क्रीनकडे बघत. जाताना त्यांनी चुकीचा फ्लेक्स उचलला. छपाई बिघडलेले फ्लेक्स आमच्याकडून लोक नेतातच, पावसाळ्यात गोठ्यावर, लाकडांवर टाकायला. "शेडमधी गळतंय," सर म्हणाले. "पत्र्याला लावतो." त्यांनी तो छापील बाजू आत करून गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि पावसात गेले.

उद्घाटन झालं. साहेब खूश झाले, असं कानावर आलं. तिनं बोर्डाबद्दल काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही.

भाद्रपदात सरांनी बेल्टची परीक्षा ठेवली आणि फोटो काढायला मला बोलावलं. मुलं थोडी होती. सर दाराशी नव्हते, आत होते; शिकवायला दुसरं होतंच कोण. गुडघे धरून, खांदे फिरवून ते स्वतः करून घेत होते, आणि त्यांची पाठ रस्त्याकडे होती. परीक्षा संपल्यावर त्यांनी मुलांना पाठीवर झोपून श्वास घ्यायला सांगितलं. रांगेचा फोटो वरून चांगला येईल म्हणून मी स्टुलावर चढलो आणि डोकं कशाला तरी लागलं.

पत्र्याखाली, लोखंडी अँगलला सुतळीनं ताणून बांधलेला तो फ्लेक्स होता, छापील बाजू खाली. साहेबांचा कोपरा दुमडून मागे घातला होता. जिमच्या नावाची खालची पट्टी कापून टाकली होती. उरली होती ती फक्त मुलगी, शेडच्या बरोबर मधोमध, पाय आभाळात. आणि तिच्या ड्रेसवर कुणीतरी जाड काळ्या मार्करनं नवी रेघ ओढली होती, डावी बाजू वर आणून. उजवी कड पांढऱ्या रंगानं पुसली होती.

सर खालून मुलांना सांगत होते. "डोळं मिटू नका. वर बघा. पाय कुटवर गेलाय बघा. गुडघा बघा. आसं पायजे. हनुवटीकडं बघू नका, हनुवटी चुकलीय."

मी स्टुलावरून उतरलो. "सर, हा गळतं म्हणून नेला होता ना?"

"व्हय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बंद होता, बोर्डावर असतो तसा. "तितंच गळत व्हतं. लय गळत व्हतं."

मी मान डोलावली. मुलांचे फोटो काढले, बेल्ट वाटतानाचे काढले, आणि मुलं बाहेर चपला घालत होती तेव्हा छताचाही एक काढला. सांगू नकोस म्हणाले होते, ते बोर्डाचं. छताबद्दल काही म्हणाले नव्हते. घरी जाऊन तो फोटो मी तिला पाठवला आणि खाली लिहिलं, की गळतं म्हणून तिथं लावलाय, असं सर म्हणतात.

तिनं लगेच पाहिला. विचारलं, "बोर्ड आधी उलटा छापला होता?"

मी लिहिलं, "हो. त्यांनी पाहिला म्हणून वाचला."

ती लिहितेय असं दिसे, आणि थांबे. माझं जेवण उरकलं, ताट उचललं, तेव्हा कुठे तिचं उत्तर आलं.

"गळतं ते दाराजवळ. लहानपणापासून बादली मीच ठेवायचे. मधे कधीच गळलं नाही."